जगबुडीनंतर गावाने डॉक्टर पोसावा काय?

चोपडा तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. समजा, जगबुडी झाली. म्हणजे वीज, डिझेल, औषधांचे कारखाने, मोठी रुग्णालये आणि सरकार ही सगळी व्यवस्था कायमची कोसळली, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या गावात चाळीस घरे, दोनशे-अडीचशे माणसे तेवढी उरली. अशा गावाने शिकलेल्या डॉक्टरला आपल्या कोठीतले धान्य देऊन पोसावे काय? औषध नाही, एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, मग डॉक्टरच्या हातात उरते काय? त्यापेक्षा एखादा लोहार, कसलेला शेतकरी किंवा जडीबुटी जाणणारा भगत गावाला अधिक उपयोगी नाही काय? शेवटी त्यांनी असेही विचारले आहे की, डॉक्टर आणि सिस्टर यांपैकी एकालाच ठेवून घेता येत असेल, तर कोणाला ठेवावे?

मी माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे नंदुरबार जिल्ह्यातील डोंगराळ भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली आणि त्यानंतर आजवर तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आहे. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला, वीज गेली आणि औषधांची गाडी आली नाही की, त्या केंद्रात तुम्ही वर्णन केलेली अवस्था काही दिवसांपुरती प्रत्यक्षात उतरत असे. त्यामुळे हा प्रश्न मला कल्पनेतला वाटत नाही. मात्र तो ज्या रीतीने मांडला आहे, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की डॉक्टरची किंमत म्हणजे त्याच्या कपाटातल्या औषधांची किंमत. खरा प्रश्न वेगळा आहे. कपाट रिकामे झाल्यावर डॉक्टरच्या डोक्यात आणि बोटांत जे उरते, त्याने किती माणसे वाचतात, आणि ती वाचवण्यासाठी डॉक्टरच लागतो की दुसऱ्या कोणाला शिकवून ते काम भागते?

उत्तर पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. व्यवस्था एका रात्रीत कोसळली की दहा वर्षांत खचत गेली, यावर औषधांचा साठा ठरतो. ती दुष्काळाने कोसळली असेल तर आधी धान्य हवे, डॉक्टर नंतर. आणि साथीच्या रोगाने कोसळली असेल तर डॉक्टर उरलेलाच नसण्याची शक्यता मोठी, कारण साथीत उपचार करणारेच रोग्यांच्या सर्वांत जवळ असतात. २०१४-१५ च्या इबोलाच्या साथीत लायबेरिया या देशाने आपल्या डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींपैकी सुमारे ८ टक्के गमावले, आणि त्यानंतर तेथील बाळंतपणे, मलेरिया, गोवर यांकडे पाहायला माणसे कमी पडली. डॉक्टर कोणता आहे, यानेही फरक पडतो. सगळ्यांनीच साडेचार वर्षे एमबीबीएसचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप केलेली असते. परंतु पंचवीस वर्षे केवळ सीटी स्कॅन वाचलेल्या तज्ज्ञाचे हात बाळंतपण विसरलेले असतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी रोज टाके घालणाऱ्या साध्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे हात विसरलेले नसतात.

औषधे संपल्यावर प्रशिक्षित डॉक्टरचा उपयोग होतो काय, याचे एक उदाहरण इतिहासात घडून गेले आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, जपानी सैन्याने सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणारा लोहमार्ग जंगलातून बांधून घेतला. त्यावर सुमारे ६०,००० दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी आणि दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर राबले. मजुरांत मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तमिळही मोठ्या संख्येने होते. जंगल तेच, पाऊस तोच, भात तेवढाच तुटपुंजा, आणि रोगही तेच: पटकी (कॉलरा), आमांश, मलेरिया, पायांवरचे सडके व्रण. युद्धकैद्यांपैकी १२,००० हून अधिक मेले, म्हणजे दर पाचांत एक. मजुरांपैकी मेलेल्यांची मोजदाद कोणी नीट केलीच नाही, पण अंदाज ९०,००० पर्यंत जातात.

हा फरक कशाने पडला? कैद्यांच्या छावण्यांत त्यांचे स्वतःचे लष्करी डॉक्टर होते. औषधे जवळपास नव्हतीच. ऑस्ट्रेलियाचे सर्जन एडवर्ड डनलॉप आणि त्यांच्यासारख्या इतर डॉक्टरांनी बांबूची भांडी आणि नळ्या केल्या, मोटारीच्या नळ्या जोडून पाण्याचे ऊर्ध्वपातन केले, त्यात मीठ मिसळून पटकीच्या रोग्यांसाठी सलाईन तयार केले, धार लावलेल्या चमच्यांनी व्रण खरवडले आणि ते वाढले तेव्हा पाय कापले. त्याहून मोठे काम त्यांनी केले ते साधे होते. शौचाचे खड्डे कुठे खणायचे हे ठरवले, पाणी उकळल्याशिवाय कोणी पिणार नाही याची सक्ती केली, पटकीचा रोगी वेगळ्या झोपडीत हलवला, जेवणाआधी ताटे उकळत्या पाण्यातून काढायला लावली. मजुरांकडे यातले जवळजवळ काहीच नव्हते, ना पुरेसे डॉक्टर, ना हुकूम देणारे कोणी. सगळे श्रेय डॉक्टरांना देणे बरोबर होणार नाही. कैद्यांत लष्करी शिस्त होती, एकमेकांची भाषा होती, संघटना होती, आणि मजुरांपैकी पुष्कळांसोबत बायकापोरेही होती. तरीही त्या शिस्तीला कोणत्या कामाला लावायचे हे सांगणारा माणूस डॉक्टर होता. पाणी उकळा हे सगळ्यांना ठाऊक असते. ताटही उकळत्या पाण्यातून काढले पाहिजे आणि स्वयंपाक्याला हगवण लागली तर त्याला त्याच दिवशी चुलीपासून दूर केले पाहिजे, हे ठामपणे सांगायला रोग कसा पसरतो हे मनात पक्के असावे लागते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हा बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. छावणीतले मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. यात औषध म्हणावे असे काहीच नव्हते. साखर असेल तर आतडे मीठ आणि पाणी ओढून घेते, हे ज्ञान होते. आणि ते ज्ञान नातेवाइकांच्या हाती देण्याचे धाडस होते, कारण त्या काळी अनेक तज्ज्ञांना हे तोंडाने द्यायचे पाणी पुरेसे वाटत नव्हते.

तुमच्या कल्पनेतल्या गावात साखरेची पाकिटे संपतील, तेव्हा काय? एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण आज गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंना पाठ असते. पण साखर कशासाठी घालतो हे ज्याला कळले आहे, तोच सांगू शकेल की तांदळाची किंवा ज्वारीची पातळ पेज मीठ घालून पाजली तरी तेच काम होते, कारण पिठातले कर्बोदक आतड्यात साखरच होते. आणि मीठ मोजायला चमचा नसेल, तर पाण्याची चव अश्रूंहून खारट लागता कामा नये. कृती पाठ असलेला माणूस एक जिन्नस संपला की थांबतो. कारण समजलेला माणूस दुसरा जिन्नस शोधतो. प्रशिक्षणाची किंमत माझ्या मते मुख्यतः इथे आहे.

आपल्या भागात हे किती ठिकाणी लागू पडेल पाहा. खानदेशात कापसाला तोटा नाही, म्हणून लोकांना वाटते की जखमेवर ठेवायला कापूस आयता आहे. पण शेतातून वेचलेला कापूस रक्त शोषतच नाही. त्याच्या तंतूवर मेणाचा थर असतो, पाण्यात टाकला तर तो तरंगतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो बराच वेळ उकळून, धुऊन, वाळवल्यावर मगच तो ड्रेसिंगचा कापूस होतो. मोहाची दारू जंतुनाशक म्हणून वापरता येईल असे कोणी म्हणेल. पण एकदा गाळलेल्या दारूत अल्कोहोल पुरेसे नसते, सत्तर टक्क्यांच्या जवळ जाण्यासाठी ती पुन्हा पुन्हा गाळावी लागेल. घरातला प्रेशर कुकर मात्र खरोखर कामाचा आहे: पूर्ण दाबाला आतली वाफ १२० अंशांच्या आसपास पोचते, आणि त्यात वीस मिनिटे ठेवलेल्या कात्र्या, चिमटे आणि फडकी निर्जंतुक होतात. रावेर-यावलकडे केळीची पाने वाटेल तेवढी आहेत, आणि भाजलेल्या जखमेवर वाफवून निर्जंतुक केलेले केळीचे पान चिकटत नाही, बदलताना दुखत नाही. मुंबईतील सार्वजनिक रुग्णालयात हा उपाय वापरून झालेला आहे. टाके घालायला साधा सुती दोरा उकळून चालतो, पूर्वी शस्त्रक्रियेत तो सर्रास वापरत.

आता निदानाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात “तपासणी नाही तर निदान कसले” असा सूर आहे. सर्पदंशाचे उदाहरण घेतो; आपल्याकडे पावसाळ्यात ते रोजचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार मुख्य विषारी साप. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. ते ओळखायला लागते एक नवी, कोरडी, काचेची नळी किंवा इंजेक्शनची काचेची कुपी. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचे, कुपीत सोडायचे, वीस मिनिटे अजिबात हलवायचे नाही, आणि मग कुपी एकदाच आडवी करायची. रक्त गोळा होऊन तळाला चिकटून राहिले तर तूर्त धोका नाही, पण हीच तपासणी पुढच्या काही तासांत पुन्हा करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष आत गेले आहे. कुपी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवतो, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. यंत्र नाही, वीज नाही. आजही देशभरातल्या ग्रामीण रुग्णालयांत हीच तपासणी चालते.

मण्यारीचे चित्र वेगळे असते. डोंगरात असताना श्रावणातल्या एका पहाटे एका तरुणाला बाजेवर घालून आणले. तो रात्री जमिनीवर झोपला होता. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती. “पोट दुखी राह्यनं” एवढेच तो म्हणत होता, आणि रात्रीचे जेवण बाधले याबद्दल घरच्यांची खात्री होती. मी त्याला डोके न हलवता छताकडे बघायला सांगितले. त्याच्या पापण्या अर्ध्यावरच थांबल्या, आणि वर बघण्यासाठी तो कपाळाला आठ्या घालू लागला. पावसाळा, जमिनीवरची झोप, पोटदुखी आणि उचलत नसलेल्या पापण्या एवढ्यावर मण्यार हे निदान झाले. प्रतिविष दिले, पण मण्यारीचे विष एकदा नसांच्या टोकांशी बसले की प्रतिविषाने ते सहज सुटत नाही. पुढच्या तासाभरात त्याचा श्वास उथळ झाला. मग त्याच्या भावांना आणि मेहुण्याला श्वासाची रबरी पिशवी कशी दाबायची ते शिकवले: मुखवटा दोन्ही हातांनी घट्ट, हनुवटी वर, दुसऱ्याने पिशवी दाबायची, छाती उचलली गेली पाहिजे, मग सोडायची, मनात पाचपर्यंत मोजायचे, पुन्हा दाबायची. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत वाटभर ते पाळीपाळीने दाबत राहिले. तो तरुण वाचला, कारण पुढे त्याला व्हेंटिलेटर मिळाला. तुमच्या जगात व्हेंटिलेटर नसेल, आणि असे रोगी दिवसेंदिवस हाताने श्वास देऊन जगवणे फार अवघड असेल. काही वाचतील, पुष्कळ जातील. तरीही पोटदुखीची मुळी उगाळून देत बसलेल्या गावात त्यातला एकही वाचणार नाही.

भगताबद्दल मला अनादराने बोलायचे नाही. सातपुड्यातल्या भगतांना आणि दाईंना वनस्पती, हाडे बसवणे आणि माणसांना धीर देणे उत्तम येते, आणि त्यांना विरोधात घालून डोंगरात कोणताही डॉक्टर टिकत नाही. परंतु साप चावलेल्यांपैकी पुष्कळांना बिनविषारी साप चावलेला असतो, आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असे नाही. हे सगळे रोगी मंत्राने बरे झाल्याचे दिसतात, आणि त्यावर भगताचा लौकिक उभा राहतो. आपोआप बरे होणारे कोण आणि काही केले नाही तर मरणारे कोण, यांची वेळेवर निवड करणे हे प्रशिक्षणाचे काम आहे. शेवटच्या दहा कुप्या प्रतिविष उरले असेल, तेव्हा ही निवड चुकली तर ते प्रतिविष धामण चावलेल्या माणसावर खर्च होईल आणि घोणस चावलेली बाई आठवड्याने येईल. टंचाईत डॉक्टरने काय दिले यापेक्षा काय द्यायचे नाकारले, याने अधिक जीव वाचतात. साध्या सर्दीला प्रतिजैविके न देण्याचा आग्रह आज लोकांना जाचक वाटतो. साठा मोजका असताना तोच आग्रह एखाद्या न्यूमोनिया झालेल्या लेकराचा जीव वाचवेल.

डॉक्टर काय करू शकणार नाही, हेही स्पष्ट सांगतो, कारण याबाबत कथा-कादंबऱ्यांतून गैरसमज पसरले आहेत. डॉक्टर बुरशीतून पेनिसिलीन बनवेल, असे पुष्कळांना वाटते. फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये त्या बुरशीचा गुण पाहिला. पण १९४१ मध्ये ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी पहिल्यांदा एका पोलीस शिपायावर ते वापरले तेव्हा, मोठ्या परिश्रमाने जमवलेला सगळा साठा, त्याच्या लघवीतून परत मिळवलेला भाग धरूनही, अपुरा पडला. सुधारू लागलेला तो माणूस अखेर दगावला. हे काम रसायनतज्ज्ञांचे आणि कारखान्याचे आहे. इन्सुलिनचेही तसेच. महायुद्धात शांघायमध्ये अडकलेल्या ईव्हा सॅक्सल या मधुमेही महिलेने आणि तिच्या पतीने म्हशींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढून स्वतःसह अनेकांना जगवले. दोघेही डॉक्टर नव्हते. त्यांच्यापाशी एक पाठ्यपुस्तक, उसनी प्रयोगशाळा, तपासणीसाठी ससे आणि कमालीची चिकाटी होती. चोपड्याजवळच्या चाळीस घरांच्या गावात डॉक्टर असला तरी इन्सुलिनवर जगणारी मुले, डायलिसिसवरची माणसे आणि बहुतेक कर्करोगी वाचणार नाहीत. नंदुरबारकडे आदिवासी समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. त्या मुलांना पाणी भरपूर पाजणे, थंडी आणि तापापासून जपणे, मलेरियाचा डास दूर ठेवणे एवढेच हातात राहील. लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा फ्रीज बंद पडला की लसी गेल्याच, आणि काही वर्षांत गोवर परत येईल. पोट उघडण्याची शस्त्रक्रिया भुलीच्या औषधाचा साठा असेपर्यंतच शक्य आहे. १९६१ मध्ये अंटार्क्टिकावर लिओनिद रोगोझोव या रशियन डॉक्टरने स्वतःचेच अपेंडिक्स काढले, हे खरे आहे. पण त्यांच्याजवळ बधिर करणारे इंजेक्शन, निर्जंतुक अवजारे आणि आरसा धरणारे मदतनीस होते.

आता धान्याच्या हिशोबाकडे येतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. अडीचशे माणसांच्या गावात, संततिनियमनाची साधने नसताना, वर्षाला साधारण दहा बाळंतपणे होतील. वैद्यकीय मदत नसलेल्या काळात दर शंभर बाळंतपणांमागे सुमारे एक आई दगावत असे, असा जुना अंदाज आहे. म्हणजे तुमच्या गावात बाळंतपणात एक आई दहा वर्षांत एकदा मरेल. तेवढ्यासाठी दहा वर्षे एक डॉक्टर पोसणे कोणालाही परवडणार नाही, आणि त्या डॉक्टरचे हातही दहा वर्षांत गंजतील. पण त्याच हिशोबाने पाच हजार लोकवस्तीत वर्षाला दोनशे बाळंतपणे आणि दोन मातांचे मृत्यू होतात. त्यात बाळंतपणानंतर वार अडकणे, रक्तस्राव, मोडलेली हाडे, सर्पदंश, शेतातल्या जखमा मिळवल्या की डॉक्टरला रोजचे काम आहे आणि त्याचे धान्य वीस गावांत वाटले जाते. सरकारनेही असाच विचार करून आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण ठरवले होते. म्हणून माझे मत असे की, डॉक्टरने एका गावात राहू नये; जिथे आठवडे बाजार भरतो तिथे बसावे. तिथे वीस गावांची माणसे आठवड्यातून एकदा आपोआप येतात, आणि कोणत्या पाड्यावर हगवण लागली, कुठे तापाने मुले आजारी आहेत ही बातमीही तिथेच मिळते. साथ वेळेवर कळणे हे अर्धे काम आहे.

आईचा मृत्यू दहा वर्षांत एक, पण तान्ह्या मुलांचे काय? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणजे तुमच्या गावातल्या दहांपैकी दोन बाळे, दर वर्षी. ही बाळे गारठ्याने, नाळेच्या धनुर्वाताने, न्यूमोनियाने आणि हगवणीने जातात, आणि यातले फार थोडे डॉक्टरवाचून अडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. न लिहिता-वाचता येणाऱ्या दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे साधन केले होते. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच काम खेड्यातल्या बायकांकडून करून दाखवले. श्वासाची संख्या ही न्यूमोनिया ओळखण्याची महत्त्वाची खूण आहे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याला पन्नास किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतल्याला चाळीस किंवा अधिक. घड्याळे बंद पडली तर एक मीटर लांब दोरीला दगड बांधून झोका द्यावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो, आणि असे साठ झोके म्हणजे एक मिनिट.

म्हणून डॉक्टरला धान्य देताना वीस गावांनी त्याच्याकडून एक अट मान्य करून घ्यावी: दर बाजाराला, रोगी तपासून झाल्यावर, त्याने प्रत्येक गावातून आलेल्या एकीला-दोघींना शिकवले पाहिजे, आणि जे शिकवले ते मराठीत, वहीत, शाईने उतरवून ठेवले पाहिजे. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर पोटावरून गर्भाशय कडक होईपर्यंत चोळावे, लघवी करवून घ्यावी, बाळ छातीला लावावे. नाळ उकळलेल्या पात्याने कापावी आणि तिच्यावर शेण, राख, हळद काहीही लावू नये. हगवण लागलेल्या बाळाचे दूध थांबवू नये. हे शिकवणारा डॉक्टर दोन वर्षांनी तापाने गेला, तरी गावांचे सगळे काही जाणार नाही. न शिकवणारा डॉक्टर कितीही हुशार असला, तरी त्याच्यावर खर्च केलेले धान्य त्याच्याबरोबर जाईल. गावांचेही एक कर्तव्य आहे. साथ आली की डॉक्टरला आणि शिकलेल्या बायकांना सर्वांत आधी जपावे, मेलेल्यांना उचलण्याच्या कामाला त्यांना लावू नये.

राहिला शेवटचा प्रश्न. डॉक्टर की सिस्टर? फक्त तुमचे चाळीस घरांचे गाव असेल, दुसऱ्या गावांशी संबंध नसेल, तर सिस्टरला ठेवा. त्यातही उपकेंद्रावर वर्षानुवर्षे एकटीने काम केलेली एएनएम, म्हणजे बाळंतपणाचेही शिक्षण घेतलेली सहायक परिचारिका, मिळाली तर अजिबात विचार करू नका. तिने असंख्य बाळंतपणे केलेली असतात, तान्हे बाळ कधी बिघडले हे तिला हात लावून कळते, ती घरोघरी जाते, बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलतात, आणि गावातल्या दहांपैकी दोन बाळांना वाचवणारे बहुतेक सगळे ज्ञान तिच्यापाशी आहे. अडलेले बाळंतपण, पोटात वाढणारा पू, कोणते दुखणे आधी हाताळायचे याचा निर्णय आणि साथीचे मूळ शोधणे ही डॉक्टरची कामे आहेत, पण अडीचशे माणसांत ती रोज पडत नाहीत. तेव्हा गावाने सिस्टर ठेवावी, तिचे घर पक्के आणि विहिरीजवळ द्यावे, आणि बाजारच्या गावी बसणाऱ्या डॉक्टरसाठी आपल्या वाट्याची ज्वारी दर हंगामाला पोचवावी.